'अहो'चं 'अरे' झाल्यावर

फोन आला तेव्हा मी दुकानात होते. वेल्ह्याच्या रस्त्यावर विंझरला माझं औषधांचं दुकान आहे. दुपारची वेळ होती आणि वरच्या वाडीतल्या एक आजी काउंटरला टेकून उभ्या होत्या. कुठली गोळी जेवणाआधी आणि कुठली जेवणानंतर, हे मी त्यांना समजावत होते. तेवढ्यात मोबाईल वाजला. सारोळ्याहून इंदूताईंचा होता. त्या एवढंच म्हणाल्या, "विलास गेला. तुमी या." आणि फोन बंद झाला. मी आजींना जेवणानंतरची गोळी पुन्हा एकदा दाखवली, पाकिटावरची तारीख पाहिली, पिशवीला गाठ मारली. माझे हात आपलं काम करत राहिले. आजीच म्हणाल्या, "काय झालं गं बाई? कोण गेलं?" मी तोंड उघडलं आणि शब्द सापडेना. नवरा म्हणावं, तर कोर्टानं ते नातं केव्हाच मिटवलं होतं. मित्र म्हणावं, तर त्या आजींच्या जगात बाईला मित्र नसतो. "ओळखीचे होते," मी म्हणाले. त्या शब्दाची मला इतकी चीड आली की आजी पायरी उतरायच्या आत मी शटर अर्धं ओढलं आणि तशीच आत उभी राहिले...

त्याला आता काही आठवडे झाले. लोक म्हणतात, हळूहळू मन थाऱ्यावर येतं. माझं येत नाही. दुकान उघडते आणि तासाभरात बंद करते. नसरापूरला काम आहे असं सांगून एसटीत बसते आणि मध्येच कुठल्या तरी फाट्यावर उतरून परत येते. विधवेला रडायची एक जागा असते, लोक तिच्याभोवती बसतात. घटस्फोट झालेल्या बायकोनं कुठं बसायचं, हे कुणी ठरवून ठेवलेलं नाही. म्हणून लिहायला बसले आहे. निदान इथं तरी मला कुणी ऊठ म्हणणार नाही.

विलासचा भोरला साऊंड सर्व्हिसचा धंदा होता. लग्न असो, पारायण असो, निवडणुकीची सभा असो, तालुक्यातल्या कुठल्याही गावात कर्णे बांधायचे असले की लोक त्यालाच बोलवायचे. मी सून म्हणून त्या घरात गेले तेव्हा माझं औषधनिर्माणशास्त्राचं शिक्षण नुकतंच संपलं होतं. घराच्या पहिल्या खोलीत पाऊल टाकलं तेच वायरींच्या भेंडोळ्यावर. सासूबाई हसून म्हणाल्या, "जपून चाल. हितं माणसापरीस वायरी जास्त." ते खरंच होतं. माणसंही काही कमी नव्हती. विलासला नाही म्हणता यायचं नाही. कुणीही हाक मारावी आणि ह्यानं ताटावरून उठावं. माझ्या भावाच्या साखरपुड्याच्या दिवशी तो महाडच्या वाटेवर कुणाच्या तरी बंद पडलेल्या टेम्पोखाली झोपला होता. संध्याकाळी हात काळे करून आला आणि म्हणाला, "बिचारा लई अडचणीत होता गं." त्याला खरोखर वाटत होतं की हे ऐकून मला आनंद होईल.

आणि मीही काही सोपी नव्हते. मला वस्तू जागच्या जागी लागायच्या, शब्द दिलेल्या वेळी लागायचा. मला माझं स्वतःचं दुकान हवं होतं. भोरमध्ये जागा मिळेना, विंझरला वडिलांच्या घराचा रस्त्याकडचा भाग रिकामा होता. आधी मी आठवडाभर माहेरी आणि रविवारी भोरला, असं सुरू झालं. मग रविवारही चुकायला लागले. मूल झालं नाही, त्याबद्दल मी इथं लिहिणार नाही. आमचं मोडलं ते त्यामुळं नाही. आम्ही दोघंही अशी माणसं होतो, की घरी कुणीतरी आपली वाट पाहत असावं असं दोघांनाही वाटायचं. वाट पाहायची तयारी मात्र एकाचीही नव्हती. शेवटी एकदा तोच म्हणाला, "शैला, आपण भांडून भांडून एकमेकांना खराब करतोय." मी हो म्हणाले. लग्नात एवढ्या पटकन आमचं कशावरही एकमत झालं नव्हतं.

पुण्याच्या कोर्टात ज्या दिवशी सगळं संपलं, त्या दिवसाची गोष्ट तो पुढं पुष्कळांना सांगायचा, दर वेळी नवं तिखटमीठ लावून. खरं घडलं ते असं. दोघंही स्वारगेटला आलो, वेगवेगळे. भोरच्या गाडीत मी चढले तर तो आधीच बसलेला, आणि त्याच्या शेजारचीच जागा तेवढी रिकामी. मी दांड्याला धरून उभी राहिले. कंडक्टर ओरडला, "ओ वहिनी, साहेबांशेजारी जागा आहे की! भांडण घरी जाऊन करा." बसले. मला चेलाडीला उतरून वेल्ह्याकडची गाडी धरायची होती, त्याला पुढं भोरला जायचं होतं. चेलाडीला मी उतरले आणि मागं वळून पाहते तर हाही उतरलेला. त्याची एसटी धूळ उडवत निघूनही गेली.

"उतरलात कशाला?" मी विचारलं.

"वडापची जीप मिळेस्तोवर थांबतो. आणि आता अहो-जाहो कशाला? त्यातनं कोर्टानं सोडवलंय ना तुला."

मी म्हणून पाहिलं, "उतरलास कशाला?" जीभ अडखळली. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मी त्याच्याकडं, आणि आम्ही दोघं त्या फाट्यावर एवढे हसलो की जीपवाला दोनदा हॉर्न वाजवून निघून गेला. लग्नाच्या सगळ्या वर्षांत मी त्याला एकदाही नावानं हाक मारली नव्हती. त्या दिवसापासून तो विलास झाला. आजही मला वाटतं, माझी आणि त्याची खरी ओळख त्या फाट्यावर झाली.

पण मैत्री म्हणजे नक्की काय करायचं, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. आमच्याकडं त्याचा रिवाजच नाही. सासूबाईंनी वाट काढली. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या भोरमध्ये कुठंही मिळाल्या असत्या, पण त्यांनी हट्ट धरला, "माझं औषध शैलाकडनंच आण. ती तारीख बघून देती." मग दर महिन्याला विलास घाट-खोऱ्यातली कामं उरकून विंझरला यायचा, टेम्पो दुकानासमोर लावायचा आणि पायरीवर बसायचा. आत कधी आला नाही. गिऱ्हाईक आलं की उठून उभा राहायचा आणि गेलं की पुन्हा बसायचा. दुकानाच्या पाटीवरचा दिवा गेला तर न सांगता बदलायचा. मी त्याला चहा द्यायचे आणि त्याच्या पुतण्यांच्या शाळेपासून तालुक्यातल्या राजकारणापर्यंत सगळं ऐकायचे. ज्या बडबडीनं घरात माझं डोकं उठायचं, तीच बडबड पायरीवरून बरी वाटायची. सासूबाई गेल्यावर गोळ्यांचं कारण संपलं. पुढच्या महिन्यात तो आला, पायरीवर बसला आणि म्हणाला, "खोकल्याचं काहीतरी दे." त्याला खोकला नव्हता. मी बाटली दिली.

त्याच्या बहिणीला, इंदूताईंना, हे अजिबात पसंत नव्हतं. त्या सारोळ्याला दिलेल्या. नीरेच्या पुलाजवळ त्यांचं आणि त्यांच्या यजमानांचं मिसळीचं हॉटेल. भावाचा संसार पुन्हा मांडून द्यायचा त्यांनी चंग बांधला होता आणि नदीपलीकडचं एक स्थळ काढलं होतं. बघायला जायच्या आदल्या दिवशी विलास माझ्याकडं आला. "तू चल. मला माणसं कळत न्हाईत, तुला कळतात."

"वेडा झालास का? मी कोण म्हणून येऊ?"

"सोबत म्हणून ये."

मी नाही म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी इस्त्रीची साडी नेसून टेम्पोत बसले. का, ते विचारू नका. मला बघायचं होतं, एवढंच. तिथं पोहे आले, मुलगी आली. शांत, हसऱ्या डोळ्यांची बाई होती, वयानं माझ्याएवढीच. तिच्या मामांनी माझ्याकडं बोट करून विचारलं, "आन् ह्या?" बहीण म्हणाला असता तर सगळं निभावलं असतं. पण विलासला खोटं बोलता यायचं नाही, आणि कधी गप्प बसावं हेही कळायचं नाही. "ही माझी आधीची बायको," तो म्हणाला, "आता मैत्रीण आहे." इंदूताईंच्या हातातला चमचा बशीत पडला. मामा उठून उभे राहिले. "पाव्हणं, आमची चेष्टा करायला आलाय व्हय?" त्या खोलीत फक्त एकच व्यक्ती हसली, ती मुलगी. पदर तोंडाला लावून, पण हसली. मला ती फार आवडली. पुढं तिचं चांगल्या घरी लग्न झालं असं कळलं.

बाहेर आल्यावर इंदूताई माझ्यासमोर उभ्या राहिल्या. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "स्वतः नांदला न्हाईत," त्या म्हणाल्या, "आन् दुसरीलाबी नांदू देत न्हाई. मोकळा सोडा की ओ त्याला." परत येताना टेम्पोत विलास एकटाच हसत होता. मी चेलाडीला उतरले आणि सांगितलं, आता येऊ नकोस. तो आला नाही. खोकल्याची बाटलीसुद्धा न्यायला आला नाही. त्या दिवसांत मी दुकानात नवी कपाटं करून घेतली, भिंती रंगवल्या, हिशोबाला संगणक आणला. सगळं जागच्या जागी होतं आणि मला कशातच राम वाटत नव्हता.

मग एक दिवस दुकानात आलेल्या एकानं विचारलं, "ताई, तुमच्यावर नाटक काढलंय म्हणं भोरात?" विलासला नाटकाचा नाद आधीपासून होता. हौशी मंडळींची नाटकं जत्रांमधून व्हायची, ध्वनियोजना अर्थातच त्याची, आणि एखादी छोटी भूमिका. पण हे नाटक त्यानं स्वतः लिहिलं होतं. नाव होतं 'अहोचं अरे झालं'. घटस्फोट घेतलेलं एक जोडपं मैत्री टिकवायला बघतं आणि त्यातून जे घोळ होतात, त्यांची गोष्ट. असले सिनेमे तो मोबाईलवर खूप बघायचा. पायरीवर बसून मला त्यांच्या गोष्टी सांगायचा आणि वैतागायचा. "शेवटी नायक विमानतळावर पळत जातो. आपण कुठं पळायचं? भोरच्या स्टँडवर? तिथं गाडीच येत न्हाई वेळेवर." आणखी एक तक्रार असायची त्याची. "ह्यांना शेवट सुचत न्हाई गं. एक तर परत लग्न लावून देतात, न्हाईतर मग दोघांतल्या एकाला मारून टाकतात." हे वाक्य आता आठवलं की मी जिथं असेन तिथून उठते आणि चालायला लागते.

मी तावातावानं भोर गाठलं. एका शाळेच्या हॉलमध्ये तालीम चालू होती. मागच्या बाकावर जाऊन बसले, म्हटलं प्रवेश संपला की सगळ्यांसमोर जाब विचारायचा. आणि ऐकू लागले. समोर एक बाई माझी वाक्यं म्हणत होती. माझीच, पण गुळमुळीत, रडवेली करून. जिथं मी टोमणा मारला होता तिथं ती डोळे पुसत होती. कंडक्टरचा प्रवेश आला आणि मला राहवलं नाही. मी जागेवरून उठून म्हणाले, "ती रडत नव्हती. ती चिडली होती, कारण तिला तीच जागा हवी होती." विलास रंगमंचाच्या कडेला वायर गुंडाळत होता. त्यानं वर पाहिलं नाही. फक्त म्हणाला, "मग तसं करून दाखवा की." त्या बाईंच्या घरून आधीच नाटकाला विरोध होता; आठवड्याभरात त्यांनी काम सोडलं. पुढचं सांगायला नको. आयुष्यात एकदाच, तेही स्नेहसंमेलनात, झाड झालेली मी, पन्नाशीच्या उंबरठ्यावर नायिका झाले.

तालमींमध्ये आम्ही भांडलो ते फक्त शेवटावरून. त्यानं लिहिलं होतं, की दोघं पुन्हा लग्न करतात. मी सांगितलं, हे मी करणार नाही. "नाटकात गं," तो म्हणाला. "नाटकातही नाही," मी म्हणाले. "ज्या बायका हे बघायला येतील त्यांना वाटेल, बघा, शेवटी नाक मुठीत धरून परतच जावं लागतं." पुढच्या तालमीला त्यानं दुसरा शेवट लिहून आणला. एसटी स्टँड आहे, दोघांच्या गाड्या वेगवेगळ्या. तिची गाडी येते, ती जाते, तो हात हलवतो आणि बाकावर बसतो. पडदा. मला तो शेवट आवडला. खरं तर मला तो बघवत नव्हता, पण आवडला.

पहिला प्रयोग आंबवड्याच्या जत्रेत होता. दिवेलागणीची वेळ, माणसं पार झुलत्या पुलापर्यंत उभी. कर्णे विलासनं स्वतः बांधले होते. लोक इतके हसत होते की आम्हाला वाक्यं थांबून म्हणावी लागत होती. शेवटचा प्रवेश आला. गाडीचा आवाज झाला, मी पिशवी उचलली. आता त्यानं हात हलवायचा होता. त्यानं माझ्या पिशवीचा बंद धरला. म्हणाला, "शैला, परत येतेस का? घरी?"

नाटकातल्या बाईचं नाव सुमन होतं.

माइक त्याचाच, कर्णे त्याचेच. ती हाक सबंध आंबवड्यानं ऐकली. समोर माणसांचा समुद्र, आणि हा बंद सोडायला तयार नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, "आधी तुमच्या घरातल्या वायरी आवरा." जत्रा हसून कोसळली, शिट्ट्या झाल्या, कुणीतरी पडदा ओढला. पडद्यामागं आल्यावर माझ्या लक्षात आलं, की मी 'तुमच्या' म्हणाले होते.

परत येताना टेम्पोत आम्ही दोघंच होतो. तो सबंध रस्ताभर एका कर्ण्याबद्दल बोलत राहिला, जो मध्येच शिट्टी मारत होता. मी म्हटलं, हो, मलाही ऐकू आली. त्या नाटकाचे पुढं आणखी प्रयोग झाले, भोरला, वेल्ह्याला. त्यानं ते वाक्य पुन्हा कधी म्हटलं नाही. ठरल्याप्रमाणं हात हलवला आणि बाकावर बसला. आणि हीच गोष्ट मला आजतागायत कुरतडते आहे. ज्या वाक्यावर अख्खी जत्रा हसली, ते वाक्य कुठला नट सोडून देतो? लोकांना हसवायला म्हणाला असता तर दर प्रयोगाला म्हणाला असता. मग खरं होतं का? खरं असेल, तर माझ्या उत्तरात त्यानं काय ऐकलं... नकार, की 'तुमच्या'?

विचारायला वेळ नव्हता असं नाही. नंतर तो दर महिन्याला पुन्हा पायरीवर येऊ लागला, आणि मग त्याची किडनी निकामी होत गेली तेव्हा तर वेळच वेळ होता. भोरच्या घरी एकट्यानं राहणं जमेना म्हणून इंदूताईंनी त्याला सारोळ्याला नेलं, हॉटेलच्या माडीवरच्या खोलीत ठेवलं. डायलिसिसला पुण्याला जावं लागायचं. हॉटेल सोडून इंदूताईंना हलता यायचं नाही, म्हणून न्यायचं-आणायचं काम माझ्याकडं आलं. ते कुणी सोपवलं नाही. मीच एका सकाळी सारोळ्याला जाऊन उभी राहिले. इंदूताईंनी माझ्याकडं पाहिलं, आत गेल्या आणि त्याचा डबा माझ्या हातात दिला. त्या गेल्या-आल्याला तेवढंच बोलायच्या, जेवणाचं आणि त्याला मोजून द्यायच्या पाण्याचं.

डायलिसिसच्या त्या लांबलचक बैठकांमध्ये आम्ही एका खोलीत जितकं सलग बसलो, तितकं लग्नातही बसलो नसू. पहिल्याच दिवशी नर्सनं त्याला विचारलं, "ह्या तुमच्या मिसेस का?" तो म्हणाला, "होत्या. आता मैत्रीण आहे. बढती मिळाली." ती पोरगी हसत सुटली आणि मग दर वेळी आम्हाला जास्तीची उशी द्यायची. एकदा तो डोळे मिटून पडला होता. मला वाटलं झोपलाय. मी हळूच म्हणाले, "विलास, आंबवड्याला तू..." त्यानं लगेच डोळे उघडले.

"काय आंबवड्याला?"

"काही नाही. तुझा तो कर्णा. कशानं शिट्टी मारत होता?"

तो माझ्याकडं बघत राहिला. "विचार की," तो म्हणाला.

"कर्ण्याचंच विचारतेय."

"बरं." त्यानं डोळे मिटले. "माइक फार जवळ होता." ह्यावर मी काय समजायचं? मशीन चालू होतं, शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ टीव्हीवर क्रिकेट बघत होते. मी ठरवलं, पुढच्या वेळी विचारू. खोटं निघालं असतं तर माझं हसू झालं असतं. खरं निघालं असतं तर मला उत्तर द्यावं लागलं असतं आणि ते माझ्यापाशी तयार नव्हतं. त्यानंतरच्या वेळा आल्या आणि गेल्या. ज्या शनिवारी तो गेला त्याच्या आदल्या दिवशी मी त्याला पुण्याहून आणून माडीवर पोचवलं होतं. जिना चढताना तो दोनदा थांबला. मी म्हटलं, सोमवारी येते. तो म्हणाला, "ये."

फोन आला त्या दुपारी सारोळ्याला निघण्याआधी मी आरशासमोर उभी राहिले. कपाळावरची टिकली काढली, पुन्हा लावली, पुन्हा काढली. कुंकवाचा अधिकार कोर्टानं काढून घेतला होता, पण त्यानंतरही ही टिकली मी माझ्यासाठी लावत होते. ती आता उतरवायची का, कुणाच्या नावानं? शेवटी लावूनच गेले. तिथं बायकांची दाटी होती. त्यांच्यात कुठं बसावं ते कळेना, मी जिन्याच्या पहिल्या पायरीशी उभी राहिले. त्यांच्यातल्या एक चुलत आत्या माझ्याकडं बघून मोठ्यानं म्हणाल्या, "बाई, टिकली लावून आली ही! मग आली तरी कशाला?" सगळ्या माना वळल्या. इंदूताई विलासच्या उशाशी बसल्या होत्या. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. "राहू द्या आत्या," त्या म्हणाल्या, "ती तिची हाय." आणि मग त्यांनी आपल्या शेजारची सतरंजी हातानं साफ केली. मी जाऊन तिथं बसले. आमच्या गुडघ्याला गुडघा लागत होता. कितीतरी वर्षांत आम्ही दोघी एवढ्या जवळ आलो नव्हतो.

तेराव्यानंतर एका रविवारी मी पुन्हा सारोळ्याला गेले. काम काही नव्हतं. औषधं परत घ्यायची आहेत असं सांगितलं, तर इंदूताई म्हणाल्या, "घ्या की. वर हायती." माडीवरची त्याची खोली तशीच होती. लोखंडी खाट, कोपऱ्यात स्टूल, आणि महामार्गाकडं उघडणारी एक खिडकी. ह्या खिडकीवरून शेवटच्या महिन्यांत आमचं दर खेपेला वाजायचं. त्याला ती सताड उघडी लागायची. पुलावरून येणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकून तो ही एसटी, हा कंटेनर, हा आपल्या भोरचा टेम्पो असं सांगत पडून राहायचा. मी म्हणायचे, धूळ येते, जंतू येतात, लाव ती. मी लावायचे आणि माझी पाठ वळली की तो उठून उघडायचा. आता ती लावलेली होती. इंदूताईंनी लावली असणार. मी खाटेवर बसले, उठले, औषधांचा डबा उघडला, मिटला, पुन्हा बसले. तेवढ्यात इंदूताई वर आल्या. हाताला बेसन लागलेलं. दारातच उभ्या राहिल्या.

"एक विचारू का?" त्या म्हणाल्या. "राग मानू नका. तुमचं दोघांचं नक्की काय व्हतं ओ? म्या लई डोकं लावलं. मला काय उमगलं न्हाई."

मलाही विचार करावा लागला. मैत्री होती, असं म्हणायला गेले तर तो शब्द तोकडा पडत होता. प्रेम म्हणावं, तर त्यानं हसून विचारलं असतं, हे कधी ठरलं? "ताई," मी म्हणाले, "आमचं भांडण अर्धं राहिलंय."

त्यांनी पदरानं डोळे टिपले, बेसनाचा हात लांब धरून. "मग बसा निवांत," त्या म्हणाल्या. "भांडून घ्या. म्या चा ठेवते." आणि जाताना त्यांनी दार ओढून घेतलं, आत दोन माणसं बसलेली असावीत तसं.

जिन्यावरची त्यांची पावलं खाली पोचेपर्यंत मी थांबले. मग उठून खिडकीची कडी काढली. पुलावरून एक ट्रक गेला, त्याच्यामागून दुसरा, आणि धुळीचा लोट थेट खोलीत आला, खाटेवर, माझ्या तोंडावर.

"बघ, आली ना धूळ," मी मोठ्यानं म्हणाले. मग त्याला उत्तर द्यायला जेवढा वेळ लागला असता तेवढी थांबले... आणि पुढचं बोलायला लागले.